मराठी उपासनेला पेडल स्टीलची साथ
भाईंदरजवळच्या तारोडी, डोंगरी, उत्तनच्या पट्ट्यातल्या मराठी मिस्साबलिदानाला साथ कशाची असावी? पेडल स्टील गिटारची, असं मला ठामपणे वाटतं. आपली गायकी मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड सरकण्यावर, जगते आणि पेटीच्या ठरलेल्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. पेडल स्टीलवर मात्र डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते. त्याच वेळी पाय पेडल दाबतो, गुडघा बाजूची दांडी ढकलतो, आणि एका तारेचा सूर तसाच राहून शेजारच्या तारेचा चढत जातो. गाणाऱ्याच्या गळ्याला इतकी जवळची साथ दुसरं कुठलं वाद्य देईल?

हे वाद्य क्लबातलं, सिनेमातलं, असा आक्षेप येईल. पण अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीयांच्या पंथात १९३०च्या दशकापासून स्टील गिटार उपासनेत वाजते. वादक रॉबर्ट रँडॉल्फ तिथेच पेडल स्टील शिकला. कॅथलिक परंपरेत पहिला मान पाइप ऑर्गनचा, हे खरं. तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने इतर योग्य वाद्यांनाही दार उघडलं. किंमत आणि शिक्षकांची वानवा, ही अडचण मात्र खरीच. ती सुटेपर्यंत बिनपेडलच्या हवाईयन गिटारवर सुरुवात करावी. गिटारवादक व्हॅन शिपलींच्या रेकॉर्डमुळे तिचा सूर मुंबईला परका नाही.