हालली ती कोणती गाडी?

डोंबिवलीला आपली लोकल थांबलेली असते, पलीकडच्या रुळांवर दुसरी उभी. एकाएकी खिडकी सरकू लागते. ‘सुटलो बुवा एकदाचे!’ म्हणावे, तोच पलीकडचा शेवटचा डबा निघून जातो आणि त्यामागचा चहाचा स्टॉल जागच्या जागी दिसतो!

वाचकहो, डोळ्यांना कळते ते एवढेच, की एक वस्तू दुसरीच्या मानाने सरकली. त्यांतली हालली कोणती, हा निवाडा मेंदूचा. खिडकीभर दिसणारे सगळेच सरकू लागले, की तो धरून चालतो : जग स्थिर आहे, चाललो आहोत आपण. एरवी हा ठोकताळा बरोबरच ठरतो. कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय आहे खरे. पण त्याला कळतो तो वेगातला बदल, आणि गाड्या इतक्या अलगद सुटतात की तेही हरकत घेत नाही. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली प्रयोगाने दाखवले, की अंधारात स्थिर ठिपक्याभोवतीची चौकट सरकवली, तर पाहणाऱ्याला ठिपकाच चालताना दिसतो. ढगांतून पळणारा चांदोबा दुसरे काय करतो?

इथवर सारी गंमत. पण हेच डोळे घेऊन आमची कॉलेजची मुले पूल चढायचा कंटाळा करतात आणि ठाणे-कल्याणच्या दरम्यान कुठेही रूळ ओलांडतात, तेव्हा पोटात गोळा येतो.

बाजूने जाणारी गाडी खांबांच्या मानाने सरकते, म्हणून तिचा वेग चटकन कळतो. समोरून येणारी सरकत नाही, नुसती मोठी होते. अंतर निम्मे झाले की दिसायला दुप्पट. समजा, ती ताशी ९० किलोमीटरने येत आहे. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चारशे मीटरांवरून दोनशेवर येऊन दुप्पट दिसायला तिला ८ सेकंद लागतात. पुढची दुप्पट ४ सेकंदांत, त्यापुढची दोनच सेकंदांत! बराच वेळ ती उभीच भासते. त्यातून अवाढव्य वस्तू आपल्याला आहे त्याहून सावकाश चालल्यासारखी वाटते. रेल्वे फाटकांवरील अपघातांचे हे एक कारण असावे, असे अमेरिकेतील हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ साली मांडले.

गाडी अंगावर धावून येते असे डोळे ओरडून सांगतात, तेव्हा ती जेमतेम ५० मीटरांवर असते. उरतात २ सेकंद. पाठीवर दप्तर घेऊन खडीतून दोन रूळ ओलांडायला ते पुरत नाहीत.