मोठ्या माणसांचे मुरूम आणि मनावरचा ताण



मुरूम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर टाकायचा मुरूम. पण येथे विचार करायचा आहे तो तोंडावर उठणाऱ्या मुरमांचा. विषय किरकोळ वाटेल. सोळा वर्षांच्या पोराच्या गालावर पुटकुळ्या आल्या तर "वयाचं हाय, जाईल" असे आपण म्हणतो, आणि बहुतेकांचे जातेही. परंतु काहींचे मुरूम पंचविशी-तिशी उलटली तरी हटत नाहीत, काहींना तर त्याच वयात नव्याने येतात. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. मग घरचेच हसतात, "आता कसली तारुण्यपीटिका!" ज्याच्या तोंडावर मुरूम असतात त्याला मात्र हसू येत नाही.

आधी मुरूम होतो कसा ते पाहू. कातडीखाली तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. ठिबकच्या नळीचे छिद्र क्षार बसून बुजावे, तसे या ग्रंथीचे तोंड तेलाने आणि मेलेल्या पेशींनी बुजते. मागे तेल साठते, त्यात जंतू वाढतात, आणि जागा लाल होऊन सुजते. काळ्या टोकाचा जो मुरूम दिसतो त्यातला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. त्यामुळे दिवसातून पाच वेळा साबण घासून काही साधत नाही, उलट कातडी चिडते.

आता मनाचे. ब्रिटनमधील डॉक्टरांकडच्या १९८६ ते २०१२ या काळातील रुग्णनोंदींचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुरमांचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा आजार जडण्याचा धोका मुरूम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला, पुढे तो कमी होत गेला. याचा अर्थ शंभरातले ६३ जण आजारी पडले असा नव्हे. मुरूम नसलेल्या शंभरातल्या समजा दोघांना हा त्रास होत असेल, तर मुरूमवाल्यांत तो तिघांना होईल, असा हिशेब समजावा. तरीही पहिलेच वर्ष जोखमीचे, आणि नेमके त्याच वर्षी आपण "जाईल आपोआप" म्हणून वाट पाहतो!

दुसरी गोष्ट अशी की, मुरूम किती आहेत यावरून मनाला किती लागले आहे ते कळत नाही. चार पुटकुळ्या असलेली सून लग्नकार्याला जायचे टाळते, आणि तोंडभर फोड असलेला गडी खुशाल बाजार करून येतो. माणूस आरशापुढून हलत नाही, चारचौघांत बोलायचे टाळतो, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, ही लक्षणे ओळखावीत. लग्नाच्या पोरीला पाहुण्यांसमोर बसवून तिच्या तोंडावर चर्चा करणारांनी तर जिभेला आवर घालावा.

उलट्या बाजूनेही हे गाडे चालते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत २२ विद्यार्थी होते. परीक्षेच्या काळात ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे मुरूमही जास्त बळावले. ताणाच्या वेळी शरीरात जी संप्रेरके सुटतात त्यांचा परिणाम तेलग्रंथींवर होतो. शिवाय काळजीत माणसाचा हात नकळत तोंडाकडे जातो, तो फोड कुरतडतो, आणि डाग कायमचा राहतो. आणि परीक्षा काय फक्त शाळेतच असते? तोड लांबली, सोसायटीचा हप्ता आला, की आपलीही परीक्षाच.

साखरेविषयी कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना हात जरा अडखळतो, पण लपवण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४३ तरुण होते. ज्यांनी १२ आठवडे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त घटले. म्हणून साखर हेच मुरमाचे कारण असे ठरत नाही. मैदा, पाव, गोड पेये त्याच रांगेत येतात. गूळही सुटत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते मेडिकलमधून "तोंडाची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या मलमाने. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस तोंड उजळ दिसते, मग कातडी पातळ होते, लाली येते, आणि मुरूम दुपटीने उठतात. ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला, पण मागणारा मागतोच. ताकदीसाठी घेतलेल्या बी-१२ च्या इंजेक्शनांनीही काहींना मुरूम येतात. बाईची पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येत असतील तर संप्रेरकांची तपासणी करावी.

औषधांना गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलू नये. फार चिवट मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या गरोदरपणात बिलकूल चालत नाहीत, गर्भात व्यंग होते. या गोळ्या चालू असताना मन उदास वाटू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणाच्याही मनात येत असतील, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.