पिकअपचे मायलेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

हायब्रिड : इंजिनास विद्युत मोटारीची जोड, ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा अंशतः बॅटरीत परतते.

बाय-फ्युएल : एकच इंजिन, पेट्रोल वा सीएनजीवर चालणारे, २०२२ चा टाटा इंट्रा व्ही-२० या वर्गातील, हायब्रिड नव्हे.

प्रमाणित आकडा : प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक चालनचक्रानुसार काढलेला.

उलटा हिशेब (शहरात महामार्गापेक्षा जास्त मायलेज) : अमेरिकेतील फोर्ड मॅव्हरिक हायब्रिडचा २०२२ चा प्रमाणित आकडा शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर, महामार्गावर १४.

स्थानिक घटक : ठाणे परिसरातील शीळफाट्याची कोंडी, घोडबंदर मार्गावरील गायमुखचा चढ, लादलेला माल, टायरमधील हवा.

प्रत्यक्ष मोजणी : टाकी काठोकाठ भरून किलोमीटरची नोंद करावी, आणि पुन्हा तितकीच भरताना लागलेल्या लिटरांनी कापलेल्या अंतरास भागावे. सीएनजी मात्र किलोने मोजतात.