ससेपालनातील उन्हाळी पूरक आहार

पाळीव सशांना तीव्र उन्हाळ्याचा ताण सोसता यावा, म्हणून नेहमीच्या खाद्यातून वा पिण्याच्या पाण्यातून दिली जाणारी जीवनसत्त्वे, लवणे व इतर पोषक द्रव्ये. पाळीव सशाच्या सर्व जाती यूरोपातील रानसशापासून (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) निर्माण झालेल्या आहेत. रानससा दिवसा बिळात राहून ऊन टाळतो. पिंजऱ्यातील सशाला ती सोय नसते. भारतात मांसोत्पादनासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, ग्रे जायंट इ. जाती पाळतात. त्यांना साधारणपणे १५° ते २५° से. तापमान मानवते. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात मात्र एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान वारंवार ४०° से.च्या वर जाते. त्यामुळे तेथे हा व्यवसाय करणाऱ्यास उन्हाळा हीच मुख्य कसोटी ठरते.

उष्म्याचा परिणाम : सशाला कार्यक्षम स्वेद ग्रंथी जवळजवळ नसतात. लांब कानांतील रक्तवाहिन्या व जलद श्वसन यांच्या द्वारे तो उष्णता बाहेर टाकतो. हवेचे तापमान ३०° से.च्या वर गेले की ताण जाणवू लागतो व ३५° से.नंतर शरीराचे तापमान (सु. ३९° से.) स्थिर राखणे कठीण होते. ससा कमी खातो, वाढ मंदावते, मादीचे दूध घटते. नराच्या शुक्राणूंची प्रत खालावते व ती पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होऊन रक्ताचा अम्ल-क्षार समतोल बिघडतो.

पूरक द्रव्ये : मानवाप्रमाणे सशाला क जीवनसत्त्व आहारातूनच मिळावे लागत नाही, ते त्याच्या यकृतात तयार होते. तथापि तीव्र उष्म्यात ते अपुरे पडू शकते, म्हणून बाहेरून देतात. ई जीवनसत्त्व व सिलिनियम पेशींचे ऑक्सिडीकरणामुळे होणारे नुकसान कमी करतात. सिलिनियमची आवश्यक व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने ते पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. सोडियम व पोटॅशियम यांची लवणे समतोल सावरण्यास मदत करतात. ईजिप्तसारख्या उष्ण देशात या द्रव्यांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांचा उपयोग ताण सौम्य करण्यापुरता असतो.

पाणी व खाद्य : उन्हाने मंदावलेला ससा खाद्यच टाकतो, त्यामुळे खाद्यात मिसळलेले द्रव्य गरजेच्या वेळीच पोटात जात नाही. म्हणून ते पाण्यातून देणे सोयीचे असते. क जीवनसत्त्व उष्णता व प्रकाश यांमुळे नाश पावते, यास्तव द्रावण रोज ताजे करून सावलीत ठेवावे. चव बदलल्याने ससे पाणी कमी पीत असल्यास साधे पाणीही ठेवावे. पाणी न मिळाल्यास ससा खाणे थांबवतो. पिलांसह असलेल्या मादीला उन्हाळ्यात दररोज एक लिटर वा त्याहूनही अधिक पाणी लागू शकते. म्हणजे अशा दहा माद्यांना रोज किमान दहा लिटर पाणी हवे. पहाटे व सायंकाळनंतर खाद्य द्यावे. लसूणघासासारखा हिरवा चारा पाणी व जीवनसत्त्वे दोन्ही पुरवतो; तंतूंचे प्रमाण मात्र १२ ते १४ टक्क्यांखाली जाऊ देऊ नये.

निवारा व प्रजनन : पिंजऱ्यांची शेड पूर्व-पश्चिम लांब, उंच व हवेशीर असावी आणि छपरावर पाचट वा गवत पसरावे. बीडकडील उन्हाळी हवा कोरडी असल्याने ओल्या गोणपाटांतून येणारा वारा चांगला गार होतो. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. गर्भावधी सु. ३१ दिवसांचा असल्याने मार्च-एप्रिलमध्ये जोड्या लावणे टाळल्यास ऐन उन्हाळ्यात विणे होत नाही.

आष्टी, पाटोद्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते. अशा ठिकाणी सशांची संख्या मे महिन्यात खात्रीने मिळणाऱ्या पाण्यावरून ठरवावी. सावली व पाणी यांची उणीव कोणत्याही पूरक द्रव्याने भरून निघत नाही; ती असतील तरच त्यावरील खर्च सार्थकी लागतो.