रुईची परीक्षा

नेकनूरचा आठवडी बाजार जनावरांसाठी बीड जिल्ह्यात नावाजलेला. तिथे बैलाचा सौदा होतो तेव्हा घेणारा आणि विकणारा दोघंही जबड्यात बघतात. दात किती, यावर दोघांचं एकमत असतं. ताणाताण होते ती पैशावर. कापसाचं नेमकं उलट. हमीभावाचे पैसे सरकारने आधीच जाहीर केलेले असतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. ताणाताण होते ती दातांवर. ओलावा किती, धागा किती लांब, माल कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला, आहे का, काडीकचरा किती. म्हणजे भाव पक्का आणि माल कच्चा.

माल कसा ठरतो, हे शोधत गेलं की नेकनूरच्या बाजूच्या बालाघाटच्या डोंगरावरून सुरू झालेला रस्ता मुंबईत माटुंग्याला जातो, तिथून अमेरिकेत मेम्फिसला आणि जर्मनीत ब्रेमेनला. या रस्त्याची फारशी ओळख आपल्याकडे कुणी करून देत नाही.

हमीभावाच्या सरकारी व्याख्येतच त्याची सुरुवात आहे. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर लांबी आणि ४.३ ते ५.१ मायक्रोनेअर. लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर. लांबी कळते. मायक्रोनेअर हा शब्द मात्र हमीभावाच्या व्याख्येत असूनही शेतकऱ्याच्या बोलण्यात आलेला नाही.

गोष्ट तशी सोपी आहे. बोंडात तंतू आधी लांबीने वाढतो, एखाद्या रिकाम्या नळीसारखा. लांबी पुरी झाली की नळीच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढायला लागतात आणि तंतू भरतो. पाणी तुटलं, बोंडअळीने बोंड पोखरलं किंवा फरदडीत, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या पिकात, झाडाचा जीवच संपत आला, तर तंतू लांब होतो पण भरत नाही. असा पोकळ तंतू पिंजताना गुंततो, त्याच्या बारीक गाठी होतात आणि त्यावर रंग चढत नाही. गडद निळ्या कापडावर पांढरे ठिपके दिसतात, ते बहुधा हेच. मायक्रोनेअर मोजायला ठरावीक वजनाची रुई, साधारण दहा ग्रॅम, एका छोट्या डब्यात दाबतात आणि तिच्यातून हवा सोडतात. बारीक, न भरलेले तंतू जास्त असले की हवेला अडथळा जास्त आणि आकडा कमी. जाड, भरलेले तंतू असले की हवा सहज जाते आणि आकडा चढतो. पूर्वी हेच काम रसायनाने करत. अठरा टक्के कॉस्टिक सोड्यात तंतू फुगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली भरलेले किती, पोकळ किती ते मोजायचे. वादाचा निकाल लावायला ती रीत अजूनही भारी आहे, पण बाजारात येणाऱ्या रुईच्या गाठींच्या राशीपुढे तिला कुणाकडे वेळ आहे?

म्हणून एचव्हीआय, म्हणजे हाय व्हॉल्यूम इन्स्ट्रुमेंट, हे यंत्र आलं. नाव मोठं, उंची माणसाच्या छातीएवढी. रुईचा एक पुंजका त्याच्या कंगव्यात अडकवला की ब्रश त्याची दाढी विंचरतो. सगळे तंतू एका दिशेला, टोकं मोकळी. त्या दाढीतून प्रकाश सोडला की कुठल्या अंतरावर किती तंतू उरले ते कळतं. त्यावरून लांबी आणि लांबीचा सारखेपणा निघतो. मग दोन जबडे, एकमेकांपासून अवघ्या ३.२ मिलिमीटरवर, ती दाढी पकडतात आणि तुटेपर्यंत ओढतात. तो आकडा ताकदीचा. शेजारी काचेची खिडकी असते. तिच्यावर मूठभर रुई दाबली की चकाकी आणि पिवळेपणा असे दोन आकडे पडद्यावर येतात आणि कॅमेरा काडीकचऱ्याचे ठिपके मोजतो. एका नमुन्याला मिनिटही लागत नाही. जुना ग्रेडर हेच सगळं अंगठा आणि तर्जनीत करायचा. चिमूट ओढायची, अर्धी मोडायची, पुन्हा जुळवायची, काळ्या कोटाच्या बाहीवर धरून लांबी सांगायची. चांगल्या ग्रेडरचा अंदाज यंत्राच्या फार मागे नसतो. अडचण एवढीच की त्याची बोटं दुसऱ्या गावी पाठवता येत नाहीत.

पण यंत्राला तरी कसं कळतं, की समोरचा धागा २९ मिलिमीटर आहे? त्याला तसं आधी शिकवावं लागतं आणि शिकवायला रुईच लागते. अमेरिकेच्या कृषी खात्याची मेम्फिसची प्रयोगशाळा निवडक गाठी घेऊन त्या फोडते, एकजीव करते, पुन्हा पुन्हा तपासते आणि आकडे ठरवून ती रुई डब्यात बंद करून जगभर विकते. आखूड-कमजोर आणि लांब-मजबूत अशा दोन टोकांच्या रुई लांबी व ताकदीसाठी. मायक्रोनेअरसाठी कमी आणि जास्त अशा आणखी दोन. रंगासाठी चिनी मातीच्या फरशा. यंत्राला ही दोन टोकं दाखवायची, मधलं ते स्वतः काढतं. मीटरची पट्टी पोलादाची असते, किलोचं वजन धातूचं. कापसाचं माप मात्र कापसाचंच असतं आणि ते वापरात संपत जातं. संपलं की नवं मागवायचं, आणि नव्याचे आकडे जुन्याशी जुळतात का हे पुन्हा पाहायचं.

या कामाची जुनी मुळं भांडणात आहेत. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपूलला हिंदुस्थानी कापसाची गरज पडली आणि सरकीचा चुरा, माती, पाणी मारून वाढवलेलं वजन अशा तक्रारींचा पाऊस पडला. त्यातून १८६३ साली मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला. कायद्याने लबाडी पकडता येते, प्रत ठरवता येत नाही. प्रत ठरवायला डब्यांची पद्धत आली. १९२३ साली अमेरिका आणि युरोपातले कापूस व्यापारी यांनी एकाच नमुन्यांचे डबे प्रमाण मानायचं कबूल केलं. डब्यातल्या रुईशेजारी आपली रुई ठेवायची आणि डोळ्यांनी जुळवायची.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, माटुंग्याला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीची टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी उभी राहिली. ए. जेम्स टर्नर तिचे पहिले संचालक. वाण तयार करणाऱ्यांकडे पहिल्या वर्षांत मूठभर रुई असायची. तेवढ्यावरून ती गिरणीत कशी चालेल हे सांगणं, हे तिचं मूळ काम. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं आणि मराठवाड्याची ओळख गावरानी कापसाने होती. पुढे नांदेडच्या संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ हा संकरित वाण आला आणि त्याने मराठवाड्यात बराच काळ राज्य केलं. माटुंग्याची ती प्रयोगशाळा आज सिरकॉट म्हणून ओळखली जाते, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. देशातल्या यंत्रांसाठी ती स्वतःची प्रमाण-रुई तयार करते. हे काम दिसायला कंटाळवाणं आहे. गाठ निवडा, एकजीव करा, तपासा, पुन्हा तपासा. पण मेम्फिसची रुई डॉलरमध्ये येते, आणि स्वतःचं माप नसलेल्या बाजाराला दुसऱ्याच्या मापाने चालावं लागतं.

मापं दोन असली की काय होतं, हे भारतीय कापूस व्यापाराने चांगलंच अनुभवलं आहे. आपल्याकडच्या यंत्रांवर बरीच वर्षं दोन पद्धती चालत आल्या. एकीला आयसीसी मोड म्हणतात, दुसरीला एचव्हीआय मोड. यंत्र तेच, रुई तीच, पण यंत्राला शिकवताना वापरलेली प्रमाण-रुई वेगळी. त्यामुळे एकीत जो धागा ताकदीला २२ ग्रॅम प्रति टेक्सचा निघतो, तोच दुसरीत २८ च्या आसपास जातो. दोन्ही खरे. कागदावर मोडचं नाव लिहिलं नसेल तर दोन्ही निरुपयोगी. करारातल्या या एका शब्दावरून व्यापाऱ्यांमध्ये झालेल्या वादांची गणती कुणी केली नसावी. (याच व्यापारात आजही भाव खंडीवर बोलला जातो. खंडी म्हणजे ७८४ पौंड, अंदाजे ३५६ किलो. मेट्रिक पद्धत स्वीकारून साठ-पासष्ट वर्षं झाली तरी कापूस बाजाराने ती सोडलेली नाही. मला त्यात गैर वाटत नाही. खंडी म्हणजे किती, यावर कुणाचा वाद नाही.)

एकच माप ही पहिली अट. दुसरी अट हवेची. कापूस हवेतलं पाणी ओढतो आणि सोडतो, आणि पाण्याबरोबर त्याची ताकद बदलते. ओलसर तंतू जास्त ओढ सहन करतो, कोरडा लवकर तुटतो. म्हणजे एकच पुंजका एप्रिलमध्ये नेकनूरला तपासला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत तपासला, तर दोन वेगळे कापूस वाटतील. म्हणून जगभरच्या कापूस प्रयोगशाळा एकच हवामान पाळतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के, तापमान २०-२१ अंश. नमुने आधी जाळीच्या तबकांत तासन्‌तास पसरून ठेवतात, तोवर यंत्राला हात लावायचा नाही. एचव्हीआयचा खर्च मोठा हे सगळ्यांना दिसतं. ती खोली वर्षभर ६५ टक्क्यांवर ठेवायचं विजेचं बिल कुणाला दिसत नाही. वीज गेली की दिवस वाया.

एवढं करूनही प्रयोगशाळेवर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीच्या आधाराने ब्रेमेनची तंतुसंस्था आणि अमेरिकेचं कृषी खातं ठरावीक काळाने एकाच रुईचे नमुने देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवतात. प्रत्येकाने तपासायचं, आकडे कळवायचे. मग कोण सगळ्यांच्या सरासरीपासून किती दूर आहे, ते कळतं. दूर असलेल्याला दंड होत नाही. त्याला फक्त ते कळतं. या व्यवस्थेत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही.

आता ही साखळी नेकनूरच्या दिशेने उलटी चालत येऊ. ब्रेमेन, मेम्फिस, माटुंगा, मग गिरणीची किंवा भारतीय कापूस महामंडळाची प्रयोगशाळा, मग प्रेसमधून निघालेली १७० किलोची गाठ. इथे ती थांबते. कारण एचव्हीआय रुई तपासतं आणि नेकनूरचा शेतकरी रुई विकत नाही. तो सरकीसकट कापूस विकतो. टेम्पोत भरलेला, पहिल्या वेचणीचा दुसऱ्या वेचणीत मिसळलेला, कधी तीन वाणांचा एकत्र. बीड, गेवराई, माजलगाव भागातल्या जिनिंगच्या आवारात तो ओतला गेला की त्याची लांबी, मायक्रोनेअर आणि ताकद पुन्हा एकदा अंगठ्यात आणि तर्जनीत जाते. आकड्यात उरतो तो फक्त ओलावा.

आणि ओलाव्याचं मीटर हे या सगळ्या साखळीतलं सगळ्यात गरीब यंत्र. कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. आठ ते बारा टक्के असेल तर टक्क्यामागे भावात तेवढीच कट्टी. बारापुढे माल परत. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या भावात एक टक्का म्हणजे क्विंटलला ८१ रुपये. वीस क्विंटलच्या टेम्पोवर दोन टक्के म्हणजे तीन हजारांच्या वर. हा निकाल देणारं मीटर आत घुसवलेल्या टोकांमधून विजेचा प्रवाह किती जातो ते बघतं. ढिगात टोक हलकं खुपसलं की एक आकडा, मूठ आवळून दाबलं की दुसरा. सकाळच्या दवातला वरचा थर वेगळा, टेम्पोच्या मध्यावरचा वेगळा. सरकीत स्वतःचा ओलावा असतो, त्याच्यापर्यंत तर मीटर नीट पोचतच नाही. खरा निकाल १०५ अंशांच्या ओव्हनचा. वजन करायचं, वाळवायचं, पुन्हा वजन करायचं, वजन घटायचं थांबेपर्यंत. शिवाय प्रयोगशाळा कधी कोरड्या वजनावर टक्केवारी काढते, कधी ओल्या वजनावर, कोरड्यावरचे ८.५ टक्के ओल्यावर ७.८ होतात. काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला हे सांगणारं कुणी नसतं. वजनकाट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का, हे शेतकरी आता न चुकता बघतो. मीटर शेवटचं कधी तपासलं, हे विचारायची पद्धत अजून पडलेली नाही. ती पडायला हवी, आणि मीटर एकदा नाही, ढिगात पाच ठिकाणी लावायला हवं.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याचा कापूस जिनिंगमधून रुई होऊन बाहेर येतो तेव्हाही त्याचाच असतो. गाठीगणिक नमुना काढतात आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याला जास्त किंवा कमी भाव मिळतो. मापाची साखळी शेतापर्यंत पोचते ती अशी. आपल्याकडे हे का होत नाही, याचं उत्तर गाठीच्या वजनात आहे. पंधरा क्विंटल कापूस पिकवणाऱ्या घराची रुई साधारण पाच क्विंटल, म्हणजे तीन गाठी. तीन गाठींसाठी कुठलाही जिनिंगवाला यंत्र थांबवून, झाडून, वेगळी पाळी लावून देणार नाही. तो चाळीस घरांचा माल एका ढिगात घालतो आणि त्या ढिगाची सरासरी मेम्फिसच्या मापाने मोजली जाते.

२०२३ मध्ये केंद्राने कापसाच्या गाठींना भारतीय मानक ब्यूरोचं मानक सक्तीचं करणारा आदेश काढला आणि अंमलाची तारीख पुढे ढकलत नेली. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या शिक्क्याखाली गाठीचा माग ठेवायची सोयही झाली. दोन्ही गोष्टी गाठीपासून पुढच्या आहेत. गाठीच्या अलीकडची म्हणावी अशी खटपट राज्याच्या स्मार्ट प्रकल्पातली, ‘एक गाव एक वाण’. गटाने एकच वाण लावायचा, वेचणी स्वच्छ ठेवायची, जिनिंगमध्ये गटाचा माल वेगळा चालवायचा आणि सरकी-रुई वेगवेगळी, तपासणीच्या आकड्यासह विकायची. शंभर घरांच्या तीनशे गाठींना पाळी मिळते. नेकनूरच्या आसपास हे जमायला वाण एक करणं हा भाग सोपा. सोयाबीनने जागा खाल्ली असली तरी जे कापूस लावतात ते कृषी केंद्रातून साधारण तीच पाकिटं नेतात. अवघड आहे ते थांबणं. गाठ बांधून, तपासून, लिलावात विकून पैसे हाती यायला आठवडे लागतात, आणि वेचणीची मजुरी आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी रोख द्यावी लागते.