न दिसणारं तेरावं अक्षर

डोळ्यांसमोर असलेली फाइल 'नाहीच' असं संगणक ठामपणे सांगू लागला तर?

परवा भाच्याच्या उबंटू लिनक्सवर हेच झालं. त्यानं एक छोटा प्रोग्राम बसवण्यासाठी इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहिली होती. म्हणजे काय, तर हुकमांची यादी: हे फोल्डर कर, ती फाइल तिकडे ठेव, मग अमुक चालू कर. लिहिली कॉलेजातल्या विंडोजच्या पीसीवर, पेन ड्राइव्हवर घालून घरी आणली, टर्मिनलमध्ये चालवली आणि उत्तर आलं, 'बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. कोणती फाइल सापडत नाही? तर बॅश!

"मावशी, ही बघ ना, इथेच तर आहे!" त्यानं फोल्डर उघडून दाखवलं. आणि खरी गंमत तर पुढेच होती. ज्या टर्मिनलमध्ये आम्ही टाइप करत होतो, तिथे आमचे हुकूम ऐकायला बसलेला प्रोग्राम बॅशच होता. बॅश स्वतःच सांगत होता की बॅश सापडत नाही.

आता स्क्रिप्ट चालते कशी ते पाहू. ती तर साधी मजकुराची फाइल. वाण्याच्या यादीत आणि तिच्यात दिसायला फरक नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, फाइलीची पहिली दोन चिन्हं तपासतो. ती # आणि ! अशी असली, की तो समजतो: ही यादी वाचणारा कोणी दुसराच आहे आणि त्याचा पत्ता याच ओळीत पुढे लिहिलाय. तो पत्ता वाचायचा आणि फाइल त्या प्रोग्रामच्या हाती द्यायची. ही युक्ती युनिक्समध्ये आणली डेनिस रिची यांनी, जानेवारी 1980 मध्ये. फक्त दोन चिन्हं! आजही जगभरच्या असंख्य स्क्रिप्ट त्यांच्यावर चालतात.

पण पत्ता संपला हे कर्नलला कळतं कसं? ओळ संपली की पत्ता संपला. मग ओळ कुठे संपते? इथे क्षणभर थांबा, कारण फाइलीत ओळी नसतातच. तिथे असते आकड्यांची एक सलग माळ. 'ए'साठी 65, 'बी'साठी 66, असं. त्यात जिथे 10 हा आकडा येतो, तिथे लिनक्स ओळ मोडतो. आपल्याला पडद्यावर एकाखाली एक ओळी दिसतात त्या या दहामुळे.

आमच्या फाइलीत पहिल्या ओळीतला पत्ता बॅशचा होता, पण त्या दहाच्या आधी आणखी कोणीतरी बसलं होतं.

एडिटरमध्ये काहीच दिसेना. मग 'कॅट' या हुकमाला 'न दिसणारंही दाखव' असं सांगून फाइल छापली, आणि काय! प्रत्येक ओळीच्या शेवटी ^ हे टोपीसारखं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी 'एम'. पहिल्या ओळीतही. एरर पुन्हा नीट वाचला, तर तिथेही बॅशच्या नावाला तेच शेपूट लागलेलं! आम्ही दोघांनीही ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. म्हणजे संगणक अक्षरशः खरं बोलत होता. 'बॅश' आहे, पण 'बॅश अधिक एक अदृश्य चिन्ह' अशा नावाची फाइल या जगात कुठेच नाही.

आणि 'एम'च का? इंग्रजी वर्णमाला बोटांवर मोजा: एम तेरावं अक्षर. त्याचा आकडा 77. कंट्रोलची कळ दाबून एम दाबला की त्यातून 64 वजा होतात आणि उरतात 13. ओळ मोडणारा दहा? तो कंट्रोल आणि 'जे'. जे मोजून पाहा, दहावं अक्षर!

हा तेरा म्हणजे 'कॅरेज रिटर्न'. कोणाचं कॅरेज? ज्यांनी 'मराठी तीस, इंग्रजी चाळीस' करण्यासाठी टायपिंगच्या क्लासात घाम गाळलाय, त्यांच्या कानात आत्ता घंटी वाजली असेल. टिंग! ओळ संपत आली. आता डाव्या हातानं लिव्हर ढकला. एका ढकलण्यात दोन कामं होत: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येई.

तारेवरून छापणाऱ्या यंत्रांना मात्र लिव्हर ढकलणारा हात नव्हता. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांच्या 1901 च्या तारसंकेतात या दोन कामांसाठी दोन वेगळे संकेत आले. पुढे 1963 च्या आस्की संकेतावलीत त्यांना आकडे मिळाले: मागे फिरण्याला 13, कागद सरकवण्याला 10. त्याच सुमाराचं टेलिटाइप मॉडेल 33 सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात उजव्या टोकाचं कॅरेज डावीकडे पोचतच नसे! लगेच पुढचं अक्षर पाठवलं तर ते वाटेतच, कागदाच्या मध्यावर उमटे. म्हणून आधी 13, मग 10. कागद सरकेपर्यंत कॅरेज जागेवर. केवढी देखणी सोय ही!

नंतर कागद गेला, पडदा आला आणि वाटा फुटल्या. मल्टिक्स आणि त्यापाठोपाठ युनिक्सनं ठरवलं, एकटा दहा पुरे. सीपी/एम आणि त्यामागून आलेल्या एमएस-डॉसनं जोडी तशीच ठेवली, ती विंडोजमध्ये उतरली. जुन्या मॅकनं तर एकटा तेराच ठेवला होता! विंडोजच्या नोटपॅडला एकट्या दहाच्या ओळी नीट दाखवता येऊ लागल्या त्या थेट 2018 मध्ये.

पण तेराला टाकाऊ समजू नका. काहीतरी डाउनलोड होताना टर्मिनलमध्ये 41%, 42%, 43% असे आकडे एकाच जागी बदलताना पाहिलेत ना? तिथे दर वेळी तेरा पाठवला जातो. कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, कागद सरकत नाही आणि जुन्या आकड्यावर नवा उमटतो. आमची स्क्रिप्ट अडवणारं चिन्ह हेच.

उपाय एका ओळीचा: 'डॉस टू युनिक्स' नावाचा छोटा प्रोग्राम. तो चालवण्याआधी मी भाच्याला फाइलीचा आकार लिहून ठेवायला सांगितलं. चालवल्यावर पुन्हा पाहिला, तर 212 बाइट कमी. त्यानं स्क्रिप्टच्या ओळी मोजल्या. बरोबर 212.

मग त्यानं एंटर दाबलं, आणि टक्क्यांचे आकडे एकाच जागी पळू लागले.