देवमाशाचं गोत्र

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत रुतलं. त्याला खोल पाण्यात परत नेण्यासाठी लोकांनी जिवाचं रान केलं, पण ते वाचलं नाही. आपण त्याला मासा म्हणतो, मात्र त्याला कल्ले नसतात. ते फुप्फुसांनी श्वास घेतं, आईचं दूध पितं. पोहण्याची तऱ्हाही वेगळी. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, देवमासा वर-खाली. भरधाव पळणाऱ्या कुत्र्याचा कणा पाहा, तोही असाच वर-खाली लवतो. पाण्यातल्या या प्राण्याच्या पाठीत जमिनीवरची धाव शिल्लक आहे.

मग त्याचे पूर्वज कोण? डार्विनने १८५९ मध्ये तोंड उघडं ठेवून पोहत किडे टिपणाऱ्या अस्वलाचं उदाहरण दिलं होतं. त्याची इतकी टिंगल झाली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो मजकूर छाटला. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जीवाश्म फारसे हाती नव्हते. जे होते त्यांच्या दातांवरून अनेकांना वाटे, देवमासे हे मेसोनिकिड नावाच्या, खुरं असलेल्या एका नामशेष मांसाहारी कुळातले असावेत.

या समजाला धक्का बसला तो प्रयोगशाळेतून. टोकियोतल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ मध्ये देवमासा, पाणघोडा, गाय, डुक्कर, उंट अशा प्राण्यांचा डीएनए पडताळला. ते शोधत होते डीएनएत मधेच घुसून बसलेले छोटे तुकडे. असा तुकडा एकदा एका जागी घुसला की सहसा तिथून निघत नाही आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच उतरत राहतो. ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना यातलं तर्कशास्त्र लगेच कळेल. नकलाकाराने एका ओवीत चूक केली की त्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत ती चूक येते. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर त्यांचं मूळ एक असण्याची शक्यता दाट. अशा वीस चुका जुळल्या तर शंकेला जागाच उरत नाही. देवमासा आणि पाणघोडा यांच्यात असे जुळणारे तुकडे सापडले, आणि ते इतर प्राण्यांत त्या जागी नव्हते. म्हणजे देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा.

जीवाश्म पाहणाऱ्यांना हे पटेना. मला या साऱ्या कहाणीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगत होते आणि निवाडा कशाने होईल हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं: घोट्याच्या हाडाने. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या घोट्यातलं एक हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं असतं, इतर सस्तन प्राण्यांत तसं नसतं. तेव्हा पाय असलेला प्राचीन देवमासा शोधायचा आणि त्याचा घोटा पाहायचा. ही हाडं पाकिस्तानात मिळाली आणि सप्टेंबर २००१ मध्ये फिलिप जिंजरिच आणि हान्स थेविसन यांच्या दोन स्वतंत्र गटांनी ती जाहीर केली. घोटा दुहेरी कप्पीचाच होता. जिंजरिच तोवर मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. हाड पाहून त्यांनी मत बदललं.

यापुढचा दुवा आपल्या देशातला आहे. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून जीवाश्मांनी भरलेले खडक गोळा केले आणि १९७१ मध्ये त्यातल्या एका छोट्या प्राण्याला ‘इंडोहायस’ नाव दिलं. ते गेल्यावर न फोडलेले दगड त्यांच्या पत्नीने देहरादूनला जपून ठेवले आणि पुढे थेविसन यांच्या हाती सोपवले. एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाजवळचं हाड निखळलं. त्याची आतली कड विलक्षण जाड होती. ही जाड कड जिवंत आणि नामशेष अशा सगळ्या देवमाशांत असते, तोवर दुसऱ्या कुठल्या सस्तन प्राण्यात ती दिसली नव्हती. सुनील बाजपेयी आदी सहकाऱ्यांसह थेविसन यांनी २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

इंडोहायस होता मांजराएवढा, बारीक पायांचा. आपल्या सह्याद्रीतलं पिसोरी हरीण डोळ्यांसमोर आणा. पण त्याच्या पायांची हाडं पाणघोड्याच्या हाडांसारखी जड आणि भरीव होती. पाण्यात तळाशी पाय टेकून चालणाऱ्याला असं वजन उपयोगी पडतं. दातांमधल्या ऑक्सिजनच्या प्रकारांचं प्रमाणही हेच सांगत होतं की तो बराच वेळ पाण्यात काढत असे. पिसोरीची आफ्रिकेतली बहीण आजही शिकारी दिसला की पाण्यात बुडी मारते.

इथे एक खबरदारी. इंडोहायसचे हे जीवाश्म सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे, तर पाकिस्तानात सापडलेला लांडग्याएवढा, चार पायांचा आद्य देवमासा पाकिसेटस याच सुमाराचा किंवा थोडा आधीचाच. म्हणजे इंडोहायस देवमाशांचा आजोबा नव्हे, भाऊबंद. थेट पूर्वजाचं हाड हाती येणं जवळजवळ अशक्य. भाऊबंदांच्या चेहऱ्यांवरून मूळ पुरुष कसा असेल एवढं ताडता येतं, आणि तेवढं पुरतं.

पुढचा प्रवास टेथिस या प्राचीन समुद्राच्या काठाने दिसतो. कच्छमध्ये अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्र यांनी १९७५ मध्ये किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहणारे देवमासे नोंदवले. इजिप्तच्या वाळवंटात, आता वाडी अल-हितान या नावाने जपलेल्या खोऱ्यात, पंधरा मीटरहून लांब अशा बॅसिलोसॉरस या प्राचीन देवमाशाचे सांगाडे आहेत. त्यांना मागचे पाय आहेत, गुडघा आणि बोटांसकट, पण लांबीला जेमतेम अर्धा मीटर. एवढ्या धुडाला ते चालवू शकत नव्हते.

आजच्या देवमाशांत पोटाच्या स्नायूंत दडलेली कमरेची दोन हाडं उरली आहेत. डॉल्फिनच्या गर्भात मात्र मागच्या पायांचे कोंब अजूनही फुटतात. काही आठवडे वाढतात, मग पाय घडवणारा जनुकीय संदेश थांबतो आणि ते जिरून जातात.